डावीकडची टाकी

चित्रात इमारत उभी करायची तर आधी नजरेची रेघ ठरवावी लागते. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून पाच फुटांवर असतात. त्या उंचीवर चित्रभर एक आडवी रेघ मारायची. इमारतीच्या ज्या कडा त्या रेघेच्या वर आहेत त्या लांब जाताना खाली उतरतात, ज्या खाली आहेत त्या वर चढतात, आणि सगळ्या त्या रेघेवरच्या एका ठिपक्यात जाऊन मिळतात. गच्ची, सज्जा, खिडकीची चौकट, पायरी, कुणालाही सूट नाही. एक खिडकी जरी ठिपका सोडून दुसरीकडे पळाली तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही. मला सांगता येतं, म्हणून माझं पोट चाललं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. तेही रडतखडत. आधी ब्रश होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, आणि जळगाव ते धुळे रस्त्यावरच्या खेड्यांतल्या भिंतींवर बियाणं-खताच्या जाहिराती. मग फ्लेक्स आला आणि एका वर्षात ब्रशवाले घरी बसले. माझी पन्नाशी उलटली होती. सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "हात तोच आहे ना? मग कॉम्प्युटर शिका." शिकवायला आलेला माणूस माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. तो मला "काका, घाबरू नका" म्हणायचा. मी घाबरत नव्हतो, मला राग येत होता. चुकलेलं एका बटणात पुसलं जातं, याचा राग. भिंतीवर चुकलं की दिवस जायचा, म्हणून चुकत नव्हतो.

धुळ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. मी काढायचो, सुमन शेजारी बसून भाजी निवडायची आणि मध्येच पडद्याकडे बघायची. तिचं शिक्षण माझ्याहून कमी, पण नजर अशी की विचारू नका. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हापासून रंग तीच सांगायची. "निळं जास्त झालंय. पाऊस येणार वाटतो, आणि तुम्ही तर ऊन काढलंय." ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. आता मी दूधवाल्याला विचारतो. तो म्हणतो, "चांगलं दिसतंय आबा." त्याला सगळंच चांगलं दिसतं.

ह्या धंद्यातलं बाहेरच्या लोकांना कळावं म्हणून थोडं सांगतो. कॉम्प्युटरवरचं चित्र एका कागदावर नसतं. काचेवर काच ठेवावी तसे थर असतात. एका काचेवर आकाश, एकीवर जमीन, एकीवर इमारत, एकीवर झाडं, एकीवर माणसं. वरून बघितलं की सगळं एकच चित्र. पण कुठलीही काच हळूच उचलून घेता येते, बाकीच्यांना पत्ता लागत नाही.

इमारत दुसऱ्या फोटोतून कापून आणायची असेल तर तिची कड माऊसनं इंचाइंचानं फिरून कापावी लागते. मग ऊन बघायचं. जमिनीवरच्या माणसांची सावली डावीकडे आणि इमारतीची उजवीकडे, असं झालं तर गावात दोन सूर्य निघाले. लांबची इमारत जवळच्याएवढी ठळक ठेवायची नाही, तिच्यात थोडी धूळ कालवायची. आमच्याकडे एप्रिलात लांबची प्रत्येक वस्तू मातकट दिसते, तोच रंग. दरवाजा सात फुटांचा धरायचा आणि शेजारी एक माणूस उभा करून बघायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इमारत जमिनीला टेकते तिथं बारीक काळी सावली द्यायची, थोडं गवत, थोडी माती भिंतीवर उडालेली. ते नसलं तर इमारत पतंगासारखी तरंगते. नवीन लोक काच, बाल्कनी, दिवे सगळं झकास काढतात आणि इमारत टेकवायलाच विसरतात.

सुमनचा एक प्रश्न ठरलेला असायचा. मी काढलेल्या प्रत्येक बंगल्याकडे बघून ती विचारायची, "कपडे कुठं वाळत घालायचे ह्या घरात?" मी एकदा तिच्यासाठी म्हणून गच्चीवर दोरी काढली, तिच्यावर दोन साड्या टाकल्या. गिऱ्हाईक भडकलं. म्हणालं, "पेंटर, मी लोकांना घर विकतोय. तुम्ही धुणं का दाखवताय?" साड्यांची काच उचलून टाकली. चित्र स्वच्छ झालं आणि घर मेलं.

सावद्याचे एक केळीवाले होते. बंगला दोन मजली, मुलाचं लग्न ठरलेलं, आणि मुलीकडच्यांचा बंगला तीन मजली. म्हणाले, लग्नाच्या बॅनरवर आमच्या घराला एक मजला चढवा, पुढच्या वर्षी बांधणारच आहोत. मी दुसरा मजला उचलला आणि वर तसाच चिकटवला. पाच मिनिटांचं काम. सुमन बघून म्हणाली, "वरचे आणि खालचे एकच टॉवेल वापरतात का?" खिडकीत वाळत असलेला निळा टॉवेल दोन्ही मजल्यांवर अगदी त्याच घडीत लटकत होता. तो काढला. बॅनर घेऊन सावद्याला गेलो तर केळीवाल्यांची म्हातारी आई ओसरीवर होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं आणि मुलाला विचारलं, "पोरीले वरे नेशीन कसा रे? जिना कुठी हाये?" पोरीले म्हणजे नव्या सुनेला. जिना मी खरंच काढला नव्हता. सगळे हसले, मीही हसलो. लग्न त्याच बॅनरखाली लागलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

म्हणून मला वाटत राहिलं, चित्रातल्या इमारतीनं कुणाचं काही बिघडत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. धुळ्याच्या बाहेर, हायवेच्या पलीकडे, एका शेठनं शेतजमिनीवर नगर बसवायला काढलं. शेठचं आणि नगराचं नाव देत नाही, लोक तिथं राहतात. मला बोलावलं तेव्हा तिथं काळी जमीन, चार बाभळी आणि आखणीचे खुंट होते. त्यावर रांगेनं घरं, रस्ता, दिवे असं चित्र पाहिजे होतं, हायवेवर लावायला. मी पाच फुटांवर कॅमेरा धरून फोटो काढले, घरी आणले आणि आठ दिवस बसलो. एक घर नीट काढलं, मग त्याच्यासारखी बाकीची, पण टॉवेलची आठवण ठेवून प्रत्येकात काहीतरी वेगळं केलं. एकाला तुळस, एकाला झोपाळा, एकाच्या दारात सायकल. रस्ता ठिपक्याकडे नेला. ऊन पश्चिमेचं ठेवलं.

सगळं झालं तरी चित्र बसेना. घरं उजवीकडे, रस्ता उजवीकडे, बघणाऱ्याची नजरही उजवीकडेच. डावीकडे नुसतं मोकळं आभाळ. एका बाजूनं कपाशी भरलेली गाडी कलंडावी तसं चित्र कलंडत होतं. तिथं काहीतरी उभं पाहिजे होतं. झाड लावून बघितलं, पण माझ्याकडे झाडांचे जे आयते फोटो होते ते बर्फाच्या मुलखातले. धुळ्याच्या उन्हात ते आजारी दिसत होतं. मग मला माझाच एक जुना फोटो आठवला. नशिराबादजवळ हायवेवरून सहज काढलेली पाण्याची टाकी, उंच, गोल डोक्याची, खाली खांब. ती कापली, लहान केली, तिच्यात धूळ कालवली आणि डावीकडे मागं उभी केली. लगेच चित्र तोलात आलं. मी खुर्चीत मागं टेकलो आणि चहा मागितला. इतका खूश झालो होतो.

शेठ दुसऱ्या दिवशी आले. पाच मिनिटं बघितलं, म्हणाले, "भारी." टाकीबद्दल एक शब्द नाही, त्यांचाही नाही आणि माझाही नाही.

बोर्ड लागला तेव्हा सुमन तिच्या धाकट्या बहिणीला, कमलला, मुद्दाम बघायला घेऊन आली. दोघी धरणगावच्या. कमलचा नवरा वसंत कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, भाड्याच्या खोलीत राहत होते, आणि जागा शोधत होते. मी स्कूटर उभी करत होतो. बोर्डाखाली उभी राहून सुमन म्हणाली, "हे बघ, बठ्ठं यासनी काढेल शे." हे सगळं ह्यांनी काढलंय. आम्ही घरात अहिराणी बोलतो. इथं बाकीचं साध्या मराठीत लिहितोय, पण ते वाक्य मला तसंच ऐकू येतं.

कमलनं घरांकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, "अक्का, टाकी पण आहे गं."

"असणारच," सुमन म्हणाली.

मी स्कूटरची चावी खिशात टाकली आणि दोघींना म्हणालो, चला, ऊन फार आहे.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तीस-चाळीस शब्दांचं काम होतं. मला वाटलं, चित्र आहे, लोकांना कळतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या त्या "यासनी काढेल शे" वर मला पाणी ओतायचं नव्हतं. जन्म इथं गेला, उन्हाळ्यात इथल्या बाया हंडे घेऊन कुठवर जातात ते डोळ्यांनी बघितलं, आणि तरी मला कळू नये की ह्या मुलखातला माणूस चित्रात आधी पाणी शोधतो? मी तोल शोधत होतो. त्या टाकीनं माझा आभाळाचा कोपरा भरला आणि लोकांनी तिच्यावर घरं बांधली.

कमल-वसंतनं तिथं घर बांधलं. लहानसं, पण स्वतःचं. चाळीसएक घरं झाली. नगर महापालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे नळाची लाईन नाही. एक बोअर होता, तो दुसऱ्या उन्हाळ्यात आटला. तेव्हापासून टँकर. टाकी कुठं होणार म्हणून लोक विचारायला गेले तेव्हा शेठच्या मॅनेजरनं नकाशा पुढं केला. मंजूर नकाशात टाकी नव्हतीच.

एक दिवस कमल आमच्याकडे आली. हंडे वाहून तिचा खांदा सुजला होता. आली ती बसलीच नाही. "अक्का, तुझ्या नवऱ्यानं आम्हाला चित्रात पाणी दाखवलं," ती म्हणाली. "प्यायला काय चित्र घेऊ?"

सुमन भाजी निवडत होती, ताडकन उठली. "त्यांना काय बोलतेस? त्यांना जे सांगितलं ते त्यांनी काढलं. हातावर पोट असलेला माणूस, तो शेठला विचारायला जाणार का, की टाकी खरी बांधणार का खोटी? जाब विचारायचा तर शेठला विचार."

"मी त्यांनाच विचारते ना. ते बसलेत की इथं. बोलू देत."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. माझा हात माऊसवर होता. मी म्हणालो, "सांगतील तसं काढावं लागतं बाई."

एवढंच बोललो. कमल निघून गेली. सुमन तिच्या मागे दारापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "माझ्या माणसाला बोल लावायचा असेल तर ह्या घरात येऊ नको."

ती खरंच आली नाही. सुमनच्या पोटाचं दुखणं निघालं, दवाखाने झाले, तरी आली नाही. सुमनचंही तोंड कडक, तिनंही बोलावलं नाही. मला वाटायचं, एखाद्या दिवशी सांगून टाकू. रोज वाटायचं. शेवटी कमल आली ती सुमन गेली त्या दिवशी. बहिणीच्या पायाशी उभी राहिली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि तिसऱ्या दिवसानंतर गेली.

माझी बायको खोटी साक्ष देऊन गेली आणि तिला ते माहीतही नव्हतं. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला.

ह्या उन्हाळ्यात, सुमन गेल्यानंतर पहिल्यांदाच, कमल माझ्या दारात आली. सोबत त्यांच्या नगराचे एक रिटायर्ड पाटील गुरुजी. मी चहा टाकायला उठलो. दुधाची पिशवी मला नीट फोडता येईना तेव्हा कमलनं ती हातातून घेतली, चहा तिनंच केला. गुरुजींनी सांगितलं, शेठ दाद देत नाही, तक्रार करायची आहे. मॅनेजर म्हणतो, टाकीचा आम्ही कधीच शब्द दिला नाही, ती पेंटरनं आपल्या मनानं घातली. पुढच्या रविवारी मॅनेजर नगरात येणार आहे, सगळ्यांसमोर बोलणं होईल.

"तुम्ही फक्त एवढं लिहून द्या आबा," गुरुजी म्हणाले, "की टाकी शेठनं काढायला सांगितली."

कमल म्हणाली, "दाजी, अक्का म्हणायची तेच खरं. तिचं ऐकून घ्यायला पाहिजे होतं मी. तुमच्यावर उगाच चिडले." आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

मी म्हणालो, जुनी फाईल शोधतो.

जुना कॉम्प्युटर माळ्यावर होता. खाली आणला, पुसला, दोनदा बंद पडला, मग चालू झाला. त्या नगराच्या दोन फाईली निघाल्या. पहिली उघडली. एकेक काच बघत गेलो. आकाश, जमीन, घरं, सायकल, आणि डावीकडे लांबवर ती बारीक टाकी. दुसरी फाईल पहिलीनंतर चार महिन्यांची. तिच्यात टाकी दुप्पट मोठी, पुढं आलेली, धूळ काढून टाकलेली, स्वच्छ. खाली हिरवळ. तेव्हा आठवलं. मॅनेजरचा फोन आला होता. "पेंटर, बोर्ड नवा करायचाय. टाकी जरा पुढं आणा, मोठी करा. जो येतो तो तिचंच विचारतो." मी केली होती. त्यात मला काही वाटलं नव्हतं, गिऱ्हाईक मोठं करा म्हणतं, आपण करतो. मॅनेजरनं तेव्हा कागदावर पेन्सिलनं रेखाटून पाठवलं होतं, टाकी कुठं पाहिजे ते. तो कागदही पुठ्ठ्याच्या फाईलीत निघाला. त्याच्या हातचं अक्षर, "टाकी इथं, मोठी."

दोन दिवस मी त्या दोन फाईलींसमोर बसलो. सरळ हिशेब होता. पहिली फाईल पुसून टाकायची. एक बटण. दुसरी फाईल आणि कागद घेऊन रविवारी जायचं, म्हणायचं, हे बघा, सांगितलं होतं. त्यात एक शब्द खोटा नाही. नगराचं काम होणार, कमलचं मन माझ्याबद्दल साफ राहणार, आणि सुमन बोलून गेली ते खरं ठरणार. मेलेल्या माणसाचा शब्द खरा करायची संधी कुणाला मिळते?

हात माऊसवर गेला होता. पुसली नाही ती मोठ्या तत्त्वामुळे नाही. मला तो दिवस आठवला, दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि असाच माझा हात माऊसवर होता. तोच हात, तीच खुर्ची. मला स्वतःची किळस आली.

दोन्ही चित्रांच्या प्रिंटा काढल्या आणि रविवारी सकाळी नगरात गेलो. पत्र्याच्या शेडखाली मारुतीचं छोटं देऊळ आहे, तिथं सतरंजी टाकली होती. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मॅनेजर प्लास्टिकच्या खुर्चीवर, पांढरे बूट. मला बघून म्हणाला, "या पेंटर. तुम्हीच सांगा आता. टाकी कुणाच्या डोक्यातली?"

"माझ्या," मी म्हणालो.

मग पुरुषांमधून कुणीतरी म्हणालं, "आबा, काय बोलतात?" गुरुजी चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

मी पहिली प्रिंट सतरंजीवर ठेवली. सांगितलं, ही पहिली. शेठनं घरं आणि रस्ता मागितला होता. टाकी कुणी मागितली नव्हती. चित्र उजवीकडे कलंडत होतं, ते सावरायला मी दुसऱ्या गावची टाकी आणून उभी केली. टाकीच्या जागी दुसरं काही चांगलं मिळालं असतं तर ते घातलं असतं. तुमच्या पाण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

"घ्या!" मॅनेजर मांडीवर हात मारून म्हणाला. "ऐकलं ना सगळ्यांनी? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आमचा काय संबंध?"

"थांबा, साहेब," मी म्हणालो. "अजून बोलणं बाकी आहे माझं."

दुसरी प्रिंट पहिलीच्या शेजारी ठेवली. ही चार महिन्यांनंतरची. टाकी बघा किती झाली. हे माझ्या डोक्यातलं नाही. मला फोन आला, टाकी पुढं आणा, जो येतो तो तिचंच विचारतो. मग तो पेन्सिलचा कागद काढला. "अक्षर कुणाचं ते तुम्हीच सांगा."

मॅनेजरनं कागद हातात घ्यायला वाकून हात पुढं केला. गुरुजींनी त्याच्या आधी उचलला आणि घडी करून खिशात घातला. म्हातारा मास्तर, पण हात चपळ.

"लोक टाकीसाठी येतात हे तुम्हाला कळलं होतं," मी म्हणालो. "मी घातली तेव्हा ती चूक होती. तुम्ही मोठी केली तेव्हा ती चूक राहिली नाही."

मग जो गलका झाला त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही. एका बाईनं मॅनेजरला विचारलं, "टाकी कोठे शे ते सांग ना भो, आठे बशीसन काय करी ऱ्हायना?" इथं बसून काय करतोयस, म्हणाली. एकानं मलाही सुनावलं, "आबा, तुमना तोल सावरना, आमनं घर बुडनं." तुमचा तोल सावरला, आमचं घर बुडालं. बरोबर बोलला. मी मान खाली घातली. मॅनेजर शेठशी बोलतो म्हणून गाडीत बसून गेला. गुरुजींनी सांगितलं की तक्रारीला दोन्ही प्रिंटा जोडायच्या, कागद जोडायचा आणि आबांचं म्हणणं जसं बोलले तसं लिहून घ्यायचं, एक शब्द न गाळता. मी ते लिहून दिलं, सही केली. त्याचं पुढं काय होईल ते आज मला माहीत नाही. तारीख पडायची आहे.

कमल बायांच्या घोळक्यातून उठून माझ्यासमोर आली. तिचा चेहरा सुमनसारखा नाही, पण राग आला की नाकपुड्या तशाच होतात.

"अक्काला हे माहीत होतं?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं."

"ती माझ्याशी भांडली दाजी. दारातून ओरडली ती माझ्यावर. तुमच्यासाठी. माझी एकच बहीण होती."

माफी मागायची तर कुणाची मागणार? जिची मागायची ती गेली, आणि जी समोर उभी होती तिला माझी माफी घेऊन हंडा भरता येणार नव्हता. कमल वळली आणि घरात गेली. मी चपला शोधायला लागलो.

तेवढ्यात टँकर आला. हॉर्न वाजल्याबरोबर सगळी सभा मोडली. माणसं, बाया, ड्रम, नळ्या, धावाधाव. वसंत कामावर गेलेला होता. कमल एकटी निळा ड्रम ढकलत दाराबाहेर आणत होती, आणि तिचा तो खांदा. मी गेलो आणि ड्रमची दुसरी कड धरली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नको म्हणाली नाही.

टँकरवाल्यानं नळी माझ्या हातात दिली. नळीला जोर भारी असतो. पहिला ड्रम भरला. दुसरा भरला. तिसऱ्याला नळी माझ्या हातातून खाली आली आणि पाणी ड्रमच्या कडेवरून मातीत जायला लागलं.

"वर धरा नळी, दाजी," कमल म्हणाली. "सांडतंय."

मी वर धरली.